शेपटीवरचा आकडा

मी बिडाचा कोंबडा बोलतोय, पवनचक्कीवरचा. पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट मिटवून टाकू. माझ्या शेपटीवर १८७६ असा आकडा आहे. ते माझं जन्मसाल नाही. तो साच्याचा नंबर आहे. कोणता साचा कोणत्या फळीवर ठेवायचा हे ओतशाळेतल्या माणसांना कळावं, एवढ्यासाठी तो आहे. मी त्या सालानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलो. पण चार अंक एका ओळीत दिसले की माणसाला साल दिसतं, आणि साल दिसलं की त्याचे कान बंद होतात.

मी वाळूत जन्मलो. दाबून बसवलेली ओली वाळू, तीत ओतलेलं लालबुंद बीड, आणि मग निवत पडणं. मला तुरा दिला, झुपकेदार शेपूट दिली आणि पायांखाली जादा वजन भरायला एक पोकळ पेटी दिली. आमच्या जातीच्या चक्कीला वाऱ्याची दिशा धरणारं मागचं पान नसतं. पुढे भलंमोठं चक्र आणि मागे दांड्याच्या टोकाला तोल धरायला मी. मी नसेन तर चक्र तोंडावर झुकेल. या कामाला लोखंडाचा ठोकळाही चालला असता. पण विकणाऱ्यांना वाटलं, कोंबडा असला तर शेतकरी हसेल आणि घेऊन जाईल. त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

आगगाडीतून, पेंढ्यात गुंडाळून मी अमेरिकेत, नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत आलो. पुढे माझा मालक झालेल्या हार्लन ब्रुमरच्या आजोबांनी मला गावातल्या दुकानातून घेतलं आणि कुरणातल्या मनोऱ्यावर चढवलं. खाली हौद, हौदाभोवती गुरं. वारा असेल तर पाणी, पाणी असेल तर गुरं. इतका सरळ हिशोब होता.

आजोबा गेले, दुकानही बंद झालं. मग हार्लनने माझ्या शेपटीवरचा आकडा वाचला आणि एक कथा तयार झाली. म्हणे त्याचे पणजोबा १८७६ साली गाडीला बैल जुंपून या प्रांतात आले, ते मला मांडीवर घेऊन. माझं वजन नुकत्याच जन्मलेल्या वासराएवढं आहे. मांडीवर!

हार्लनचा धाकटा भाऊ लायल हे कधीच मानत नसे. हौद घासताना, कुंपणाची तार ओढताना, खाली उभे राहून दोघे भांडत.

"अरे, मुलुख सोडून येणारा माणूस अंथरूण आणील, पवित्र ग्रंथ आणील, बियाणं आणील. कोंबडा कशाला आणील?"

"ज्याला अक्कल असते तो पुढचा विचार करतो."

"मग ती अक्कल तुझ्यापर्यंत येताना वाटेत कुठे सांडली?"

"तुझ्या वाट्याला आली असती, पण तू उशिरा उठलास."

केस पिकले तरी दोघांचं हेच चाललेलं. मी वर होतो, मला सगळं ऐकू येत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

जुने भाग जमवणारे लोकही येत. त्यांचं आणखी वेगळं. एकाने माझ्या पायांतले षटकोनी बोल्ट पाहिले आणि जाहीर केलं की हा कोंबडा अलीकडचा. बाबा रे, जुने चौकोनी बोल्ट गंजले म्हणून हार्लनने नवे घातले. माणसाने नवे बूट घेतले तर तो काल जन्मला का? दुसऱ्याला माझ्या छातीवर गोळीचा खड्डा दिसला. तो टोपी काढून हळूच म्हणाला, "कुठल्यातरी लढाईतली असणार." ती लायलची गोळी होती. नवी बंदूक आणली होती आणि नेम खराब होता. त्याला कोल्हा मारायचा होता.

हार्लन नेमाने शिडी चढून येई. आमची चक्की जुन्या धाटणीची, दाते उघडे. दर आठवड्याला वर चढून हाताने तेल घालावं लागे. शेजाऱ्यांनी केव्हाच सूर्यावर चालणारे पंप बसवले होते. ते हसत. हार्लन रविवारी चर्चला जाण्याआधी, चांगले कपडे घालण्याच्या आधी, तेलाचा डबा घेऊन वर येई. तेल घालून झालं की दांड्याला धरून माझ्याकडे वाके आणि हात माझ्या पाठीला पुसे. दर खेपेला. पाठीवरचा रंग त्या बोटांनी काळा पडला. मी मनात म्हणे, मी काय फडकं आहे?

गेल्या हिवाळ्यात हार्लन आजारी पडला, आणि बर्फ वितळायच्या आत गेला.

त्यानंतर तेल घालायला कुणी आलं नाही. दाते किंचाळू लागले. तो आवाज घरापर्यंत जात असे. त्याची बायको आर्डिस व्हरांड्यात येऊन थोडा वेळ ऐके आणि आत जाई. शेवटी लायलने चक्र बांधून टाकलं आणि उन्हाळ्यात मला खाली उतरवलं.

जिल्ह्याच्या संग्रहालयाला मी हवा होतो. आर्डिसची एकच अट होती. खाली हार्लनच्या नावाची पाटी हवी, आणि तो सांगायचा ते साल हवं. सगळ्या जिल्ह्याने ती कथा ऐकली होती. आता तीच कथा खोटी म्हणून लिहिली गेली, तर मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही.

संग्रहालयाचे वेंडेल टेगन घरी आले. मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवलं होतं. आर्डिसने कॉफी आणि कोबी-खिमा भरलेले गरम पाव पुढे केले. टेगननी चष्मा वर केला, मला उलटं केलं, पेटीत बोट घातलं, साच्याच्या सांध्याची रेघ पाहिली. मग अवघडून म्हणाले, "बाई, हे साल नाही. साच्याचा नंबर आहे. याच नंबरचे आणखी दोन कोंबडे मी पाहिलेत."

अखेर. इतक्या वर्षांनी एक शहाणा माणूस भेटला. मला तुरा डोलवता आला असता तर डोलवला असता.

आर्डिसने पावांवरचं फडकं सरळ केलं.

मी लायलकडे पाहिलं. हा दिवस त्याचाच होता. तो सगळा जन्म याच वाक्यासाठी भांडला होता. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता, हार्लनच्या. मग त्याने कप खाली ठेवला.

"तुम्ही चुकताय साहेब. ते साल आहे."

"अहो, पण असे आणखी दोन..."

"असतील. आमचा पणजोबा तिघांना घेऊन आला असेल. त्याची मांडी मोठी होती."

"लायल," आर्डिस म्हणाली, "तू जन्मभर नाही म्हणालास."

"म्हणालो ना. त्याच्यापुढे म्हणालो. आता कुणापुढे म्हणू?"

टेगननी एक पाव उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

आर्डिस त्यांना म्हणाली, "पाटीवर दोन्ही लिहा."

आता मी संग्रहालयात, खिडकीजवळ आहे. पाटीवर लिहिलंय: 'साल: १८७६, असं हार्लन ब्रुमर म्हणत. १८७६ नव्हे, असं त्यांचे भाऊ लायल म्हणत.' लोक ती वाचतात, हसतात, आणि लगेच मागे जाऊन शेपटीवरचा आकडा पाहतात. "हे बघ, स्पष्ट लिहिलंय की!" काय बोलणार. लायल अधूनमधून येतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मांडीची गोष्ट सांगतो, हार्लनपेक्षाही रंगवून. त्याच्या गोष्टीत आता बैलही मांडी घालून बसतात. मी हरलो आहे.

माझी वयाबद्दलची तक्रार मी सोडून दिली आहे. ज्याला जे साल हवं ते त्याने घ्यावं. एकच सांगणं आहे, आणि ते सफाईला येणाऱ्या बाईंना आहे. बाई, काच पुसा, पाटी पुसा, तुरा पुसा, शेपटीवरचा तो आकडासुद्धा खुशाल घासा.

पाठीवर फडकं फिरवू नका.