फळ्यांखालचं उखळ

नाकाडोंगरीत धानगिरणी घातली आणि तुलारामचं उखळ पांढरं झालं, असं गाव म्हणायचं आणि म्हणताना गालात हसायचं. कारण तुलारामच्या घरात खरंच एक उखळ होतं. बैठकीच्या खोलीत, मधोमध, जमिनीत पुरलेलं. त्यात त्याच्या आईने, गोदावरीबाईने, वीस वर्षं लोकांचं धान कांडलं आणि मजुरीत मिळालेल्या कनकीवर, तुकडा तांदळावर, पोराला वाढवलं. ही गोष्ट गावाला पाठ होती. तुलारामला तेवढी विसरायची होती.

अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या मुलीला, बेबीला, लाखनीहून स्थळ आलं. घर दुकानदाराचं, सडकेवरचं. मुलाची आई सत्यभामाबाई स्वतः यायची होती. तुलारामने आपल्या बैठकीकडे पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेणाने सारवलेली जमीन, चारी बाजूंनी उखळाकडे उतरलेली, आणि उखळाशी कांडणारणींच्या पायांनी पडलेले दोन खळगे. जवळच्या खाणीच्या साहेबाच्या बंगल्यात त्याने लाकडी जमीन पाहिली होती. गिरणीच्या माळ्यासाठी आणलेल्या सागाच्या फळ्या पडूनच होत्या. हौसेला मोल नाही म्हणतात, पण ही हौस नव्हती, लाज होती.

सुखराम सुताराने दोरी ताणली, पाणसळ ठेवली आणि डोकं खाजवलं.

“भाऊ, कोपऱ्यापासून उखळापर्यंत चार बोटांचा फरक हाय. आधी मुरूम टाकून चोपा, वाळू द्या. मंग फळ्या.”

“पाहुणे शुक्रवारी येऊन राहिले.”

“मंग उखळापुरती जागा उघडी ठेवतो. वरून झाकण करून देतो.”

“तसंच करा,” तुलारामची बायको कुंताबाई दारातून म्हणाली. “बेबीच्या हळदीले घरचं उखळ लागन ना?”

“हळद बाजारात भेटते,” तुलाराम म्हणाला. “ठोक तू फळ्या.”

सुतार सांगून थकला आणि कामाला लागला. आडव्या पट्ट्या टाकल्या, खोलगट जागी त्यांच्याखाली पाचरी मारल्या, वर फळ्या ठोकल्या. गुरुवारी संध्याकाळी खोली आरशासारखी सपाट झाली.  गोदावरीबाई चुलीकडे जायला उठली, खोलीच्या मधोमध आली आणि सवयीने वळसा घालून गेली. तुलारामने ते पाहिलं आणि तो सुताराची मजुरी मोजू लागला.

शुक्रवारी पाहुणे आले. पाऊल टाकलं की फळ्या ढब ढब वाजत होत्या. दाराजवळची एक डुलत होती, आणि कुणी तिच्यावरून गेलं की कपबशा किणकिणत. बेबी चहा देऊन आत गेली. सत्यभामाबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि गोदावरीबाईला विचारलं, “माय, उखळ कुठी गेलं?”

आईने तोंड उघडण्याआधीच तुलाराम बोलून गेला. “आमच्या घरी कधी उखळ नव्हतंच.”

सत्यभामाबाई गोंधळल्या. “काहून? माझं माहेर पलीकडच्याच गावचं. आमचं उखळ चिरलं होतं, तं माझ्या लग्नाची हळद इथंच आणून कांडली. मायनं आम्हाले जेवू घातलं. म्या तं मायचं घर म्हणूनच हे स्थळ धरलं. म्हटलं, सुनेची हळदही त्याच उखळात कांडू.”

 धरणी पोटात घेईल तर बरं, असं तुलारामला झालं. पण धरणीवर त्यानेच फळ्या ठोकल्या होत्या. आईकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.

“होतं, बाई,” गोदावरीबाई म्हणाली. “फुटलं. माझ्याच हातून मुसळ आडवं बसलं. चांगल्या कामात फुटल्याचं नाव घेऊ नये, म्हणून तो नव्हतं म्हणते.”

सत्यभामाबाईंनी तिचा हात हातात घेतला. “मनाले लावून घेऊ नका, माय. हळद आमच्याकडे कांडू.”

सोयरीक जुळली. गूळ वाटला. पाहुणे ऊन असतानाच परतले. तुलाराम तडक गिरणीतून लोखंडी सब्बल घेऊन आला आणि डुलती फळी उचकटायला त्याने फटीत सब्बलीचं टोक घातलं.

“काय करून राहिला?” गोदावरीबाईने विचारलं.

“उखळ मोकळं करतो, माय. लाखनीले जातो. पाय धरतो त्यांचे. सांगतो, मीच खोटं बोललो.”

“आन म्या बोलली ते?”

तुलारामने सब्बलीवरचा हात सैल केला.

“तुयासाठी बोलली म्या. आता तू उखळ दाखवशील तं या वयात मी खोटी पडीन. बेबीच्या सासरी तोंड दाखवाले जागा राहणार नाही मले. राहू दे झाकून.”

त्याला खूप काही बोलायचं होतं. माय, मला तुझी लाज वाटली, हेच मुख्य होतं, आणि ते तिला न सांगताही कळलेलं होतं. त्याने सब्बल काढली. खाली वाकून, निसटलेली पाचर हातोडीने पुन्हा फळीखाली मारली. फळी डुलायची थांबली.

गोदावरीबाई चूल पेटवायला उठली आणि मधोमध येऊन वळसा घालून गेली. सब्बल उचलून तिच्या मागून तुलाराम निघाला. त्या जागेशी आला, आणि त्यालाही त्या फळ्यांवर पाय देववेना.