धुतलेली रांग

"आई, हे तुम्ही केलंत?"

सून शेडच्या दारातच थबकली. काखेत अहवालाचे नुकतेच बांधून आणलेले गठ्ठे. मी हातातली शेवटची वीट पिंपात सोडली, बाहीने कपाळ पुसलं आणि म्हटलं, "मग कोण करणार? तुझा नवरा? त्याला स्वतःचा कप विसळता येत नाही."

मी कौतुकाची वाट पाहत होते. पहाटे पाचपासून राबत होते. शेडमध्ये पिंपांच्या दोन रांगा, एकेका रांगेत दोन पिंपं. सगळी विटांच्या तुकड्यांनी भरलेली. त्या तुकड्यांवर हा एवढा बुळबुळीत थर चढलेला, काळपट, हात लावला की शहारा यावा असा. दाराजवळची रांग येणाऱ्याला आधी दिसते, म्हणून ती आधी रिकामी केली. वीट न् वीट ब्रशने घासली, पिंपं घासली, सगळं परत भरून वरून टाकीतलं रंगाचं निळं पाणी सोडलं. घरात माणसं येणार आणि आपण त्यांना शेवाळं दाखवायचं? माझ्या हयातीत नाही.

सून उलट्या बादलीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. ती एवढंच म्हणाली, "आई, तो थर यायला पाच आठवडे लागतात. रंग तोच खातो. तो जिवंत असतो."

"जिवंत?"

"विरजणासारखा."

मी विरजण धुवून टाकलं होतं. सोड्याने.

आणि पाहुणे अकराला यायचे होते. साधेसुधे नव्हेत, सरकारचे. छोट्या उद्योगांनी हवापाणी स्वच्छ करणारं काही नवं शोधून काढावं म्हणून सरकार पैसे देतं. त्यातला पहिला टप्पा सुनेला मिळाला होता, त्यावर ही पिंपं उभी राहिली. दुसरा टप्पा मिळाला तर शहरापलीकडे, जिथे सगळ्या रंगाऱ्यांचं सांडपाणी जमतं, तिथे मोठी टाकी बांधायची. नाही मिळाला तर पिंपं भंगारात, आणि सून पुन्हा कुणाच्या तरी प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायला. ते काम तिने अकरा वर्षं केलं होतं. सोडलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. बांधलेला पगार सोडून गटाराच्या नादी लागणारी सून मीच निवडून आणली, असं भेटेल त्याला ऐकवत होते.

गटार आमच्या ओळखीचंच. ह्याच शेडमध्ये आम्ही दोघं नवराबायको कापड रंगवायचो. नाल्यात रंग सोडता म्हणून सरकारने कुलूप ठोकलं, आणि ते गेले तेही त्या कुलपाकडे बघतच. सुनेने तेच कुलूप काढून घेऊन सरकारच्याच पैशाने आत पिंपं मांडली. तोंडावर कधी बोलले नाही, पण त्या दिवसापासून मी तिच्या ताटात आधी वाढते.

मुलगा धावत आला. बायकोचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि त्याला सगळं कळलं. "ताडपत्री टाकू या ह्या रांगेवर," तो म्हणाला. "दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगू. दुसरी रांग आहे की चांगली."

"अहवालात दोन रांगा लिहिल्यात," सून म्हणाली.

"ते काय मोजत बसणारेत?"

"मोजायलाच येतायत ते."

ती उठली, तोंड धुऊन आली आणि ताडपत्रीला हातही न लावता दोन्ही रांगांखाली नमुन्याच्या बाटल्या मांडू लागली. मी भिंतीला टेकून उभी.

अकराला दोघं आली. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक बाई, त्या मुख्य, आणि फाइल छातीशी धरलेले एक जाडे साहेब. साहेबांनी आत येताच रुमाल नाकाला लावला.

"नाक धरू नका, साहेब," मी म्हटलं. "ह्याच वासावर आमची दोन मुलं शिकली."

बाई हसल्या. साहेब नाही हसले. हेच ते. गेलं वर्षभर पत्रामागून पत्र पाठवून सुनेचा जीव खाणारे. त्यांचं म्हणणं एकच: थरबिर काही नाही, भाजलेली वीट रंग पिते, पोट भरलं की पिणं थांबवेल, मग तुमची टाकी काय कामाची? थरच रंग खातो हे सुनेने बरण्यांत करून दाखवलं होतं. साहेबांचं उत्तर आलं, बरणीत काहीही होतं, पिंपात दाखवा.

सुनेने नळ सोडले. एकाच टाकीतलं गडद निळं पाणी दोन्ही रांगांत गेलं. आतल्या रांगेतून आलं ते धुऊन धुऊन विटलेल्या शर्टाएवढं फिकं. दाराजवळच्या रांगेतून जसं गेलं तसंच आलं. निळंशार. मी तीस वर्षं निळा रंग ढवळलाय. त्यातली एक छटाही कमी झाली नव्हती.

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "हे काय?"

"ही रांग आज काम करत नाही," सून म्हणाली. आवाज सरळ. "सकाळी धुतली गेली."

मला बाजूला ठेवायला बघत होती. मला! मी पुढे झाले.

"धुतली गेली नाही, मी धुतली. ह्या घरात आपोआप काही धुतलं जात नाही. तिचा काही दोष नाही, ती छपाईवाल्याकडे गेली होती. मला घाण दिसली, मी काढली. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

सुनेने मान खाली घातली. साहेब माझ्याकडे वळले. "किती घासलंत?"

"विटेचा लाल रंग दिसेपर्यंत."

"सगळ्या?"

"साहेब, मी अर्धवट काम करत नाही."

त्यांनी बाही वर केली, पिंपात हात घातला आणि धुतलेली एक वीट काढली. मग दुसऱ्या रांगेतली बुळबुळीत एक. रुमाल कधीच खिशात गेला होता. दोन्ही विटा जमिनीवर आपटून फोडल्या. दोन्ही आतून लाल. निळ्याचा ठिपका नाही.

बाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि साहेबांना म्हणाल्या, "वीट रंग पीत असती, तर घासून मोकळी केलेली वीट जास्त प्यायला हवी होती. नाही का?"

साहेब सुनेला म्हणाले, "हे आधी का नाही करून दाखवलंत? पिंप धुऊन?"

"पाच आठवड्यांचा थर, साहेब. हात धजावला नाही."

"ह्यांचा बरा धजावला."

"मला कुणी सांगितलं असतं तर माझाही नसता धजावला," मी म्हटलं. उगाच थोरवी कशाला घ्यायची?

साहेब कबूल काही झाले नाहीत. तसली माणसं तोंडाने कबूल होत नसतात. दोन्ही फुटक्या विटा कागदात बांधून सोबत नेल्या, एवढंच. तो महिना कसा गेला ते आम्हाला ठाऊक. सून रोज धुतलेल्या रांगेत वाकून बघायची. मी शेडच्या उंबऱ्याबाहेरूनच विचारायची, "धरतंय का गं?" आणि ती म्हणायची, "धरतंय, आई."

पत्र आलं ते मुलाने मोठ्याने वाचलं. दुसरा टप्पा मंजूर. खाली साहेबांची सही.

शहरापलीकडची टाकी बांधून झाली. तिच्यात थर लवकर धरावा म्हणून विटा इथूनच न्यायच्या होत्या, ओल्याच्या ओल्या, पिंपांसकट. लॉरी आली. चारही पिंपं चढली आणि शेड एकदम एवढी मोठी दिसायला लागली की मी बाहेर येऊन उभी राहिले. ड्रायव्हरने सुनेला पुढे बसायला सांगितलं. ती ऐकेल तर ना. मागे पिंपांमध्ये उभी राहिली, दोन पिंपांच्या कडा दोन्ही हातांनी धरून. पाणी हिंदकळलं तर थर सुटतो म्हणे.

"हळू घ्या हो!" तिने ड्रायव्हरला हाक दिली. तो आवाज माझाच वाटला मला.

लॉरी माणसाच्या चालीने गल्लीतून सरकू लागली. मागे गाड्यांची ही रीघ, सगळ्यांचे हॉर्न. एक जण बाजूने काढायला बघत होता. तिने पिंपावरचा एक हात उचलून त्याच्यासमोर धरला, आणि तो थांबला.