पोटातले लिंपण

मित्रांनो, मी एक जुना पाईप आहे. नळाचा नव्हे, तंबाखूचा. तेव्हा माझ्याशी गट्टी करा असे मी सांगणार नाही, लांबूनच ऐका.

माझे लाकूड विलायती. सोलापूरहून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या रेल्वे गार्डाने मला धुळाच्या हातात ठेवले. धुळा केम स्टेशनवर खलाशी होता. तो मला काडीने पेटवी, आणि विचारात पडला की माझी दांडी दातांनी चावी. पुढे तो तापाने गेला आणि मी त्याचा धाकटा भाऊ बिरप्पा याच्याकडे आलो.

बिरप्पा मेंढरे राखी. माझ्यावर त्याचा भारी जीव, पण त्याला ठाऊक होती फक्त चिलीम. तिच्यात घालतात तसाच त्याने माझ्या तळाशी खडा घातला आणि वर चुलीतला लाल निखारा ठेवला. चिलीम मातीची, तिला काय होते? मी पडलो लाकडाचा. बाहेरून मी चकचकीतच होतो, आतून मात्र जळत गेलो. एके सकाळी बिरप्पाच्या बोटांना चटका बसला, तेव्हा कुठे त्याने मला उन्हात धरून आत पाहिले. आत खोल खड्डा पडला होता. आणखी थोडे ओढले असते तर आरपार भोकच पडते. भावाची तेवढी एकच वस्तू घरात उरली होती. बिरप्पा मला मांडीवर घेऊन बसून राहिला, आणि मेंढरे सोडायला उशीर झाला.

त्याची बायको मायाक्का हिचे नि माझे कधीच पटले नव्हते. धुराने ती खोके आणि मला चुलीत घालायची धमकी देई. तिने मला उचलले तेव्हा मी आशाच सोडली. पण तिने दांडीला चिंधी गुंडाळली, आतला कोळसा हलकेच खरवडला, चुलीतली राख फडक्याने गाळून थोड्या पाण्यात कालवली, आणि चूल लिंपावी तशी बोटाने माझ्या पोटात थापली.

"दांडीला चिंदी कशाला गं?" बिरप्पाने विचारले.

"भावजींच्या दातांची खूण हाय तितं. माजा हात खरबरीत, घासंल की."

बिरप्पाने डोळे पुसले.

लिंपण वाळेपर्यंत मी कोनाड्यात राहिलो. आता बिरप्पा मला क्वचितच पेटवतो, तेही काडीने. एरवी नुसताच दातांत धरतो, त्याच खुणेवर.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावर कोणाची खूण आहे का, तेवढे पाहत जा. मायाक्का अजूनही मला चुलीत घालीन म्हणते. म्हणू दे बापडी. त्याच चुलीची राख माझ्या पोटात आहे, आणि तिच्याच जिवावर मी जगतो आहे.