पिवळी बोट आधी पोचते

कप्तानचा स्वभाव संशयी होता असं नुसतं म्हणून भागायचं नाही. भाजीवाल्याने न मागता चार मिरच्या जास्त टाकल्या, तर हा घरी येऊन सगळी पिशवी ओट्यावर उलटी करायचा, की बाबा खाली काय कुजकं खपवलंय. न्हाव्याने तब्येत विचारली तर याच्या कपाळावर आठी, की याला कशाला हव्यात चौकशा? कप्तान ही पदवीही धक्क्यावरच्या लोकांनी थट्टेत दिलेली. हा जन्मात कधी जहाजावर चढला नव्हता. त्याच्याकडे एक निळी मोटारबोट होती आणि धंदा एकच, पर्यटकांना डॉल्फिन दाखवणं.

त्या किनाऱ्यावर बघायला काही कमी नव्हतं. दीपगृह होतं, मत्स्यालय होतं, काचेच्या तळाची बोट होती, माणसाला दोरीला बांधून आकाशात उडवणारे होते, वाळूचे किल्ले आणि मगरी करून ठेवणारे कलाकार होते. पण उन्हाने लाल झालेला पर्यटक धक्क्यावर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा, डॉल्फिन दिसतील ना? दिसतील की, असं सगळे बोटवाले छातीठोकपणे सांगायचे. मग समुद्रात गेल्यावर ज्याचं त्याचं नशीब.

कप्तानचं नशीब टेकडीवर बसायचं. बोटीतून फार लांबचं पाणी दिसत नाही, म्हणून त्याने खाडीच्या तोंडावरच्या टेकडीवर आपला मेव्हणा बसवला होता. वर कठडा बांधलेला होता, लोक फोटो काढायला यायचे. तिथे एका घडीच्या खुर्चीवर मेव्हणा केशरी निशाण घेऊन बसायचा. डॉल्फिन उजवीकडे दिसले की निशाण उजवीकडे, डावीकडे दिसले की डावीकडे, समोर असले की उभं. खडकांच्या आड मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे हे निशाणच काय ते खरं. मेव्हण्याची नजर अशी की पाण्यावर नुसती सावली हलली तरी त्याला कळायचं. इतकी वर्षं निळी बोट सगळ्यांच्या आधी पोचायची आणि बाकीचे बोटवाले हात चोळत बसायचे.

या मोसमात मात्र गणित बिघडलं. निशाण उजवीकडे झुकायचं, कप्तान बोट उजवीकडे हाणायचा, आणि बघतो तर तिथे पिवळी बोट आधीच हजर. पिवळीवाल्याचे प्रवासी टाळ्या पिटताहेत, मोबाइल उंचावताहेत, आणि याच्या प्रवाशांना दिसते ती बुडी मारून पसार झालेल्या डॉल्फिनची मागची खळबळ. एकदा झालं, दोनदा झालं, तेव्हा कप्तानने योगायोग म्हणून सोडून दिलं. रोजच व्हायला लागलं तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली.

आधी त्याला वाटलं, पिवळीवाला आपलं निशाण वाचतो. म्हणून त्याने खुणा बदलल्या. डावीकडे म्हणजे उजवीकडे, उभं म्हणजे मागे. तरी पिवळी आधी. पुन्हा बदलल्या. तरी पिवळी आधी. पिवळीवाल्याचा टेकडीवर माणूसच नव्हता. त्याला विचारलं तर म्हणे, "आम्ही पक्ष्यांवरून अंदाज घेतो. पक्षी जिथे घिरट्या घालतात तिथे मासळी, आणि मासळी तिथे डॉल्फिन."

"पक्ष्यांवरून!" कप्तान घरी येऊन बायकोला म्हणाला. "मी काय दूधखुळा आहे? कुठेतरी पाणी मुरतंय."

पाणी कुठे मुरतंय हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. मेव्हणा हल्ली बोलताना नजर देत नव्हता. दोन वेळा शहरात जाऊन आला, कशाला ते धड सांगितलं नाही, मित्राकडे गेलो होतो म्हणाला. येताना डोळ्यांवर काळा चष्मा, तोही चांगला भारीतला. विचारलं तर "फॅशन आहे दाजी" म्हणून हसला. आणि याच चष्म्यात तो चहाच्या टपरीवर पिवळीवाल्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला कप्तानने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

शनिवारपासून समुद्र महोत्सव होता. पतंग, बोटींच्या शर्यती, वाळूच्या शिल्पांची स्पर्धा, संध्याकाळी गाणी. पाहुण्यांना फिरवायला समिती एकच बोट निवडणार होती आणि ती बोट मोसमभर धक्क्याच्या पायऱ्यांशी लागणार होती. निळीचा तो मान आता पिवळीकडे जाणार असं सगळे उघड बोलायला लागले होते.

मग एके दिवशी जेवताना कप्तानने ताटावरच तोंड उघडलं. मेव्हणा बाहेर गेला होता.

"तुझा भाऊ फितूर झालाय."

बायकोने भाताचा डाव खाली ठेवला. ती धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत तिकीट खिडकी सांभाळायची. दिवसभर लोकांची कटकट ऐकून ती थंड डोक्याची झाली होती, पण भावाचं नाव निघालं की तिचं डोकं थंड राहायचं नाही. लग्न झाल्यावर वर्षभरातच हा धाकटा भाऊ तिच्याकडे राहायला आला होता. मागच्या खोलीत राहिला तो राहिलाच.

"काय म्हणालात?"

"पिवळीवाल्याला सामील आहे. आधी त्याला खूण करतो, मग मला. चष्मा कुठून आला? शहरात कुणाला भेटतो? माझ्याकडे बघून बोलत का नाही?"

"तुम्ही उद्या माझ्यावरही संशय घ्याल."

"तुझा काय संबंध?"

"माझा सख्खा भाऊ आहे तो! तुम्हाला सावलीचाही भरवसा नाही, म्हणून सगळं जग चोर?" तिचा आवाज चढला. मग ती एकदम शांत झाली, आणि ते जास्त वाईट होतं. "सिद्ध करा. तो सामील निघाला तर मी माझ्या हातांनी त्याची पिशवी भरेन आणि जन्मात त्याचं तोंड बघणार नाही. नाही निघाला तर तुम्ही त्याची माफी मागायची."

कप्तानला हेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पोट दुखतंय म्हणून सांगितलं, बोट इंजिनवाल्याच्या ताब्यात दिली आणि मागच्या पायवाटेने टेकडी चढला. काट्यांनी पायजमा फाटला. वर पाण्याची सिमेंटची टाकी होती, तिच्या आड तो दबा धरून बसला. तिथून मेव्हण्याची पाठ दिसत होती, निशाण दिसत होतं आणि खाली सगळा समुद्र दिसत होता. ऊन मी म्हणत होतं. घामाने शर्ट पाठीला चिकटला, पण आता काय वाट्टेल ते झालं तरी हलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

थोड्या वेळाने डॉल्फिन आले. अगदी टेकडीच्या पायथ्याशी, पाच-सहा, एकामागोमाग एक पाठी काढत. निळी बोट खडकाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर होती. एक निशाण उभं केलं की काम फत्ते. पण मेव्हणा मांडीवर निशाण आडवं टाकून ढिम्म बसून होता.

"हरामखोर," कप्तान दातओठ खात पुटपुटला. आता आणखी कसला पुरावा हवा? उठून त्याची मानगूट धरावी म्हणून तो गुडघ्यांवर आला, तेवढ्यात कठड्यापाशी एक पर्यटक बाई आली. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर भली मोठी टोपी.

"भाऊ, इथून डॉल्फिन दिसतात का हो?"

"दिसतात ना ताई," मेव्हणा ऐटीत म्हणाला. "सकाळच्या वेळी तर हमखास. बोटीतून बघायचे असतील तर खाली आमच्या दाजींची निळी बोट आहे, तिनेच जा. माणूस जरा कडक आहे, पण कुणाला फसवायचा नाही."

"अगं बाई! ते बघा, ते बघा! किती आहेत!" बाईने खाली बोट दाखवलं.

"हो, दिसले की," मेव्हणा हसत म्हणाला. "मोठा कळप आहे आज."

आणि तो भलत्याच दिशेला बघत होता. बाईचं बोट खाली, पायथ्याशी. याचं तोंड वर, पार दीपगृहाकडे.

बाई फोटो काढून निघून गेली. कप्तान गुडघ्यांवर होता तसाच राहिला. खाली डॉल्फिन केव्हाच सरकून पुढे गेले होते. जरा वेळाने त्यांच्या वर पक्षी घिरट्या घालायला लागले, लांब उभी असलेली पिवळी बोट वळली आणि तिकडे धावली. ती वळली तसा मेव्हणा खुर्चीतून उठला, मान पुढे काढून नीट निरखून बघितलं, आणि केशरी निशाण उजवीकडे झुकवलं.

कप्तानला खोकला आला.

"दाजी," मेव्हणा मागे न वळता म्हणाला, "टाकीमागे ऊन लागेल. इकडे या."

कप्तान येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला.

"केव्हापासून?"

"मागचा मोसम संपता संपता. आधी कडेचं गेलं. आता समोरचंही धुरकट झालंय. बोट दिसते, तिचा रंग कळतो. पाण्यातली शेपटी आता नाही दिसत." त्याने काळा चष्मा काढून शर्टाला पुसला. "हा डॉक्टरांनी दिलाय. उजेड सहन होत नाही."

"आणि पिवळीवाला? टपरीवर त्याच्या गळ्यात गळे घालून उभा होतास ते?"

"पायरी चुकलो होतो. त्याने धरलं म्हणून वाचलो."

"मग इतके दिवस निशाण कशाच्या जोरावर दाखवत होतास?"

"पिवळीच्या. ती वळली की मी दाखवायचो. तुम्ही खुणा बदलत होतात, मला हसू यायचं. रडूही यायचं."

सगळा मोसम कप्तान टेकडीकडे बघत बोट हाकत होता, आणि टेकडी पिवळ्या बोटीकडे बघत होती. कप्तानला स्वतःची लाज वाटली, आणि त्याला लाज वाटायची सवय नसल्यामुळे तिचा आधी रागच झाला.

"मला सांगायला तोंड नव्हतं? मी काय तुला घराबाहेर काढणार होतो?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर ताईला कळलं असतं."

"मग कळू दे की!"

मेव्हण्याने आवाज खाली आणला. "आमच्या वडिलांचे डोळे असेच गेले, माझ्याच वयात. आईने आम्हाला सांगितलं होतं की मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं. ताई अजून तेच धरून बसलीय. शहरातल्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न काय विचारला ठाऊक आहे? भावंडं किती? बहीण असली तर तिलाही तपासायला घेऊन या म्हणाले. हे रक्तातून येतं."

कप्तान उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"तिलाही...?"

"येईलच असं नाही. पण आलं तर उपाय नाही, हेही तेच म्हणाले. मग कशाला सांगायचं दाजी? रोज सकाळी उठून भिंतीवरचं घड्याळ दिसतंय की नाही बघत बसायचं तिने?" त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही मला फितूर म्हणताय हे तिनेच रडत रडत सांगितलं काल. मला बरंच वाटलं. तुम्ही सांगा तिला, हो, निघाला फितूर. ती चार शिव्या देईल, पिशवी भरेल. शहरात एक संस्था आहे, माझ्यासारख्यांना काम शिकवते. मी नाव घालून आलोय."

"ती जन्मात तुझं तोंड बघणार नाही म्हणालीय."

"बघायचं नसेल तर नको बघू दे. तिला दिसत असलं म्हणजे झालं."

कप्तानने मेव्हण्याच्या हातातून निशाण काढून घेतलं, खुर्ची घडी घालून काखेत मारली, आणि दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवून त्याला एकेक पायरी सांगत खाली आणलं. त्याला टपरीच्या बाकावर बसवलं आणि स्वतः तिकीट खिडकीकडे गेला. रांगेत चार-पाच माणसं होती. बायकोने त्याला बघितलं आणि हातातलं काम थांबवलं.

"काय निघालं?"

फितूर निघाला, हे दोन शब्द त्याने रात्रभर घोळवून ठेवले होते. आता ते खरे नव्हते आणि नेमके तेच बोलायला सांगितलं गेलं होतं. बाकावर मेव्हणा मान खाली घालून बसला होता. कप्तानकडून ते होईना.

"काही नाही निघालं. चूक माझीच. माफी मागून आलो."

"तुम्ही? माफी?" बायको खिडकीतून पुढे झुकली. "मग रोज उशीर का व्हायचा?"

"वारा असतो वर. निशाण नीट दिसत नाही. उद्यापासून तो बोटीवर येईल. लोकांशी बोलायला माणूस हवाच आहे, चांगलं बोलतो."

"आणि टेकडीवर कोण?"

"कुणी नको. पक्ष्यांवरून घेऊ अंदाज."

"परवा पक्ष्यांवरून म्हटलं तर नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या." ती त्याचं तोंड न्याहाळत होती. "तुम्ही काहीतरी लपवताय. इकडे बघा माझ्याकडे."

त्याने बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचे डोळे असे त्याने कधी बघितले नव्हते. तिने ते बारीक केले होते, मान किंचित पुढे काढून, नीट निरखल्यासारखे.

"डोळे का बारीक केलेस?" त्याने विचारलं.

बायकोने पटकन मान वळवली.

"ऊन येतंय डोळ्यांवर," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचे पैसे घ्यायला हात पुढे केला.

पत्र्याच्या त्या खोलीत पूर्ण सावली होती. कप्तान खिडकीला धरून तसाच उभा राहिला. रांगेतले लोक म्हणाले, अहो, जरा बाजूला व्हा. तो बाजूला झाला. पुढे काही विचारायची त्याला हिंमत झाली नाही.