क्लेटनच्या छतावरचा बूस्टर

आमच्या तळावर एक रीत आहे. कुणी आपल्या घरगाडीच्या छतावर चढला की बाकीच्यांनी घडीच्या खुर्च्या घेऊन खाली जमायचं आणि सल्ले द्यायचे. ॲरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना दुसरी करमणूक नाही. जागा सरकारी, म्हणजे फुकट ते पौष्टिक, पण फोनची रेंज जेमतेम. म्हणून क्लेटननं जुन्या बाजारातून रेंज वाढवणारं यंत्र, वापरलेला बूस्टर, उचलून आणला, तेव्हा आम्ही सगळे उंटावरचे शहाणे कॉफीचे मग घेऊन हजर झालो.

"वायरसाठी भोक कुठे पाडतोस रे?" शेजारच्या ऑर्विलनं विचारलं.

"भोक?" क्लेटनची बायको डोरीन दारातून कडाडली. "छताला भोक पाडलंस ना, तर आजपासून वाळूत झोप! विंचवांना सांग रेंज आली म्हणून!"

आम्ही हसलो, पण बाजू तिचीच घेतली. घरगाडीवाल्याला साप चावलेला परवडेल, गळकं छत नाही परवडत. क्लेटननं एक अँटेना छतावर बसवला आणि वायर फ्रिजची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झरोक्यातून आत घेतली. ती पुरेना. मग बूस्टरचा दुसरा, आतला अँटेना वरच्या अँटेनाच्या थेट खाली, कपाटावरच चिकटवून टाकला.

"दोघांत भरपूर अंतर ठेवा असं खोक्यावर लिहिलंय," ऑर्विल खोकं डोळ्यांजवळ धरून म्हणाला.

"ते खोकं चुलीत घाल," क्लेटन वरून म्हणाला. "जन्मभर विजेची कामं केलीत मी." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

तो शनिवार होता. रविवारी दुपारी ऑर्विलला त्याच्या पुतणीचा फोन यायचा होता. त्याचा थोरला भाऊ व्हर्जिल तिकडे मोंटानात अंथरुणाला खिळलेला, आता काही तासांचाच सोबती. वडिलांच्या कुरणावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं, ते तुटलंच. पुतणी म्हणाली होती, बाबा शुद्धीवर असतील तेव्हा मी फोन त्यांच्या कानाला लावते, तुम्ही बोला. ऑर्विलनं दाढी केली, चांगला सदरा घातला आणि नेहमी रेंज मिळायची त्या जागी खुर्ची टाकून बसला. फोन मांडीवर. फोन वाजेना. तो उठून सगळीकडे फिरला, फोन डोक्यावर धरून पाहिला. रेंजच नाही. आमचेही फोन मेलेले. आज टॉवर बंद असेल, असं म्हणून आम्ही गप्प बसलो.

क्लेटनचा फोन मात्र दुसऱ्या कंपनीचा. तो आत बसून नातवाशी बेसबॉलबद्दल खो खो हसत बोलत होता.

बोलून झाल्यावर बॅटरी वाचवायला त्यानं बूस्टर बंद केला. आणि एकदम तळावरचे सगळे फोन टणटणायला लागले. क्लेटन दारात आला, ऐकत उभा राहिला. आत जाऊन त्यानं बूस्टर चालू केला. फोन गप्प. बंद केला, पुन्हा टणटण. माईक भोंग्यासमोर नेला की कुई करून सगळ्यांचे कान फोडतो, तसं जवळजवळ लावलेल्या दोन अँटेनांमुळे त्याच्या यंत्रानं केलं होतं, आमच्या टॉवरची रेंजच बुडवली होती.

ऑर्विल पुतणीचे निरोप एकामागून एक ऐकत होता. काका, फोन उचला. काका, बाबा जागे आहेत, तुमचं नाव घेतायत. शेवटचा निरोप ऐकून त्यानं फोन खिशात ठेवला.

"गेला," तो म्हणाला. "दोष माझाच. उगाच इथे राहिलो. गावात जाऊन बसायला हवं होतं."

क्लेटननं डोरीनकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. गप्प राहिला असता तर आम्हाला कधीच कळलं नसतं. पण तो ऑर्विलसमोर येऊन उभा राहिला. चेहरा इतका पडलेला, की मला बघवेना.

"तू नाही रे, माझ्या बूस्टरनं केलं. खोक्यावर लिहिलेलं... तू वाचूनही दाखवलंस. मला लाज वाटते, ऑर्विल. तोंड दाखवायची लाज वाटते."



"मी आलो होतो तुझ्या दाराशी," ऑर्विल वाळूकडे बघत म्हणाला. "म्हटलं, तुझा फोन मागावा. पण तू नातवाशी बोलत होतास, हसत होतास. मला टकटक करवेना. पायरीवर बसून राहिलो थोडा वेळ."

क्लेटननं वळून आपल्या पायरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बूस्टर काढायला छतावर चढला. त्या दिवशी कुणीही खुर्ची बाहेर काढली नाही. मी पडद्याआडून पाहत होतो, त्याचीही आता लाजच वाटते. ऑर्विल मात्र आला. त्यानं शिडी दोन्ही हातांनी धरली, नेहमी धरायचा तशी. वरचं काम कधीच संपलं होतं, पण क्लेटन खाली उतरेना.