न वाजणारा गडू

मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत तांब्याचे गडू डाखून द्यावेत ते इनायत कल्हईवाल्यानेच. पहाटे वैनगंगेचं थंडगार पाणी भरायचं, झाकणाला कथलाचा डाख लावून तोंड बंद करायचं, की गडू वर्षभर देवघरात. बारा वर्षांत त्याचा एकही गडू गळला नव्हता. त्या नावावरच त्याचं घर चालत होतं.

त्या वर्षी देवाजी पाटलांनी आपला गडू कानाशी धरून हलवला. मालगुजारी जाऊन तीन वर्षं झाली होती, पण ऐट काही सरकारजमा झाली नव्हती.

"खळखळ वाजते हा. पाणी काऊन कमी भरलं?"

"मुद्दाम जागा सोडली, भाऊ. उन्हाळ्यात पाणी तापलं का फुगते. जागा नाई भेटली तर डाख उखडते."

"पाणी फुगते? पाणी का पुरी होय? देवाचं पाणी चोरते अन् मलेच शिकवून राह्यला!"

हे ऐकताच रांगेतल्या साऱ्यांनी आपापले गडू कानाला लावले. सारेच वाजत होते. इनायतचं बारा वर्षांचं नाव उभ्या उभ्या मातीत चाललं होतं. त्याने पाटलांचा गडू उघडला आणि काठोकाठ भरून पुन्हा डाखला. आता तो मुळीच वाजेना. पाटील खूश झाले.

वैशाखात पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. भांड्यांना कल्हई करायला इनायत अंगणात भाता लावून बसला होता. गडू साऱ्या वऱ्हाडाला दिसावा म्हणून पाटलांनी तो मांडवाबाहेर चौरंगावर, भर उन्हात ठेवला.

"भाऊ, सावलीत घ्या जी."

"देवाले सावली लागते का रे?"

दुपारी पाटील हळदकुंकू वाहायला वाकले, आणि फट्‌दिशी डाख उखडला. पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या नाकावर. संपलं सगळं, इनायतला वाटलं.

पाटलांनी नाक पुसलं. इनायतकडे पाहिलं, वऱ्हाडाकडे पाहिलं. जत्रेतलं बोलणं अख्ख्या रांगेने ऐकलं होतं. चूक कबूल करण्यापेक्षा देव पावणं सोपं. ते हात जोडून ओरडले, "देव पावला! मार्कंड्यानं सोता अभिषेक केला!"

पुढच्या शिवरात्रीला इनायतपुढे कधी नव्हती एवढी रांग लागली. पहिला नंबर पाटलांच्याच गावच्या सुगंधाबाईचा.

"मले पाटलासारखा दे. फुटनारा."

"बाई, मी न फुटनारे बनवतो. तेरा वर्षं झाली."

"तो घेऊन काय करू? तसा तर कोनीबी बनवते."

इनायतला फार लागलं ते. त्याने तिच्यामागच्या रांगेकडे पाहिलं, गडू घेतला आणि काठोकाठ भरला.