मी कोरलेला पहिला शब्द

मी एक जुनी छिन्नी आहे, मित्रांनो. हातोडीचे घाव सोसून माझे डोके चेपले आहे, अंग झिजून निम्मे झाले आहे. पण धार अजून शाबूत आहे बरं का!

एका मोडक्या ट्रकच्या पोलादी पट्टीतून लोहाराने मला घडवले. लालभडक तापवून त्याने मला पाण्यात बुडवले, तेव्हा मी अशी चरचरले की विचारू नका! मग मी पाथरवटाच्या हाती आले. पायऱ्या, उंबरे, दारावरच्या पाट्या... काय काय कोरले मी! लोक अक्षरांवरून बोट फिरवून म्हणत, "काय सफाई आहे!" आणि मी फुशारून जाई, जणू पाथरवटाच्या हाताचे त्यात काहीच नव्हते.

पुढे विजेवरचे यंत्र आले. मला काम उरले ते रंगाच्या डब्यांची झाकणे उघडण्याचे. मी कोपऱ्यात गंजत पडले.

मग सीमेवर लढाई झाली. आमच्या भागातले पाच जवान परत आले नाहीत. त्यांतला एक पाथरवटाचा भाचा, त्याच्या ताईचा मुलगा. चौकात त्यांच्या स्मरणार्थ शिळा उभारायची आणि तिच्यावर कविता कोरायची, असे ठरले. ताई शिवणकाम करता करता गाणी रचत असे, म्हणून कविता तिनेच लिहावी, असे सर्वांनी सांगितले.

"ताई, हा दगड मी यंत्राला देणार नाही," असे म्हणून पाथरवटाने मला घासूनपुसून लखलखीत केले.

आमच्या कारखान्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाने पहिली ओळ वाचली की पहिला शब्द लगेच कोरायचा, म्हणजे गिऱ्हाईक मागे फिरत नाही! ताईने वाचले, "माझ्या लेकरा, दार अजून उघडे आहे." पाथरवटाचे डोळे भरून आले. त्याने मला उचलले आणि 'माझ्या' हा शब्द आम्ही कोरला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली मावशी आली. तिचाही मुलगा त्या पाचांत होता.

"काय गं, दगड पाचांचा ना? मग हे 'माझ्या लेकरा' कोण? तुझाच ना?"

"अगं, तसं मनात नव्हतं माझ्या."

"मनात नसेल, पण दगडावर आहे! माझा काय उसना आणला होता?"

पाथरवट खाली मान घालून म्हणाला, "मावशी, चूक माझी. पण आता शब्द काढायचा तर खड्डा पडेल."

"मग खड्ड्यालाच हार घाला!"

दुसरी शिळा मिळायला वेळ नव्हता, कार्यक्रम तोंडावर आला होता. ताईने पदर खोचला. "शब्द राहू दे. बाकीची कविता मी बदलते. पाचही जणांची झाल्याशिवाय मी इथून उठत नाही."

ती दगडाच्या ढिगावरच बसली. कागदामागून कागद फाडू लागली.

पाथरवटाने एक कागद उचलून वाचला. "ताई, हा सिंह कुठून आला? भाचा तर गल्लीतल्या कुत्र्याला भिऊन माझ्यामागे लपायचा!"

ताईला हसू फुटले आणि रडूही. तिने सिंह खोडला. मग मावशीला विचारले, "तुझा घरी कसा बोलायचा गं?"

"कसा म्हणजे? रोज ओरडायचा, 'आई, माझ्या वाटचा पाव ठेव!' आणि ठेवला की धाकट्या बहिणीला देऊन टाकायचा, मेला!" तोंडातून शब्द गेला आणि मावशी मटकन खाली बसली.

ताईने तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने ती लिहू लागली. त्या ओळी मी कोरल्या:

माझ्या वाटची सकाळ
तुमच्यासाठी ठेवली;
वाया घालवू नका हं,
फार लांबून पाठवली.

मावशीने अक्षरांवर बोट ठेवून वाचले. "हा तर माझाच बोलतोय," ती म्हणाली. मग उरलेल्या तिघांच्या आया आल्या. प्रत्येकीने वाचले, आणि प्रत्येकीला आपलाच मुलगा ऐकू आला.

मित्रांनो, अशी शिळा तुमच्याही वाटेवर असेल. तिच्यावर जाहिराती चिकटवू नका. तिला टेकून गप्पा मारताना नावे झाकू नका. धूळ पुसा आणि कविता मोठ्याने वाचा. मी फक्त अक्षरे कोरू शकते. त्या मुलांना बोलायला तोंड मात्र तुमचेच लागते.